गच्चीवरची फायबरची काठी: बिघाड शोधताना आणि दुरुस्त करताना

भुसावळ-जळगावच्या रेल्वे स्थानकांच्या छतांवर, धुळ्या-अमळनेरच्या पोलिस ठाण्यांवर, वायरलेस संच वापरणाऱ्या कारखान्यांवर आणि हौशी रेडिओवाल्यांच्या गच्च्यांवर उभ्या अँटेना दिसतात. त्यांत काही उघड्या धातूच्या असतात, काही फायबरग्लासच्या. फायबरवाली अँटेना लांबून ओळखू येते. नवी असताना ती पांढरीशुभ्र आणि चकचकीत असते. आठ-दहा उन्हाळे पाहिले की पिवळट, मग राखी होते, आणि हात लावला तर बोटांवर पांढरी भुकटी येते. एखाद्या दिवशी संचावर पलीकडचा आवाज खरखरीत यायला लागतो, मग येईनासा होतो. सगळ्यांची नजर त्या काठीकडे जाते, आणि "अँटेना गेली, नवी घ्या" असा निकाल लागतो.

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. चांगल्या प्रतीची नवी अँटेना कित्येक हजार रुपयांना पडते, आणि जुन्या अँटेनातला दोष पुष्कळदा एखाद्या ओल्या कनेक्टरचा किंवा तुटलेल्या डाकाचा असतो. दुरुस्ती अवघड नाही. दोष नेमका कुठे आहे हे शोधणे अवघड आहे, आणि त्यासाठी काठीच्या आत काय असते ते आधी माहीत हवे.

फायबरग्लास म्हणजे काचेचे बारीक तंतू राळेत, म्हणजे रेझिनमध्ये, बसवून केलेला पदार्थ. काच वीज वाहून नेत नाही, राळही नेत नाही. रेडिओलहरी या नळीतून जवळजवळ विनाअडथळा आरपार जातात. लहरी पाठवण्याचे आणि पकडण्याचे काम नळीच्या आतली तांब्याची किंवा पितळेची तार करते. नळी हे तिचे अंगरख्यासारखे आवरण, आणि वाऱ्यात तिला उभी धरणारा आधारही. हा पदार्थ अँटेनाच्या धंद्यात आला तो मासेमारीच्या मार्गाने. अमेरिकेतल्या शेक्सपिअर या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस फायबरग्लासच्या गळाच्या काठ्या बाजारात आणल्या. हलकी, लवचीक, गंज न धरणारी काठी बोटीवरच्या रेडिओलाही चालेल हे ओघानेच आले, आणि तीच कंपनी पुढे बोटींच्या अँटेनांसाठी प्रसिद्ध झाली. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पातीही याच जातकुळीची. ऊन, वारा आणि वीज हे तिन्ही शत्रू दोघांना सारखेच.

आतल्या तारेची लांबी कोणाच्या मर्जीवर नसते, ती तरंगलांबीवर ठरते. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. जळगाव आकाशवाणीची मध्यमलहर ९६३ किलोहर्ट्झची. तिची तरंगलांबी सुमारे ३११ मीटर आणि पाव तरंग सुमारे ७८ मीटर. म्हणून मध्यमलहरीला उंच पोलादी मनोरा लागतो आणि तो मनोरा स्वतःच अँटेना असतो. हौशी रेडिओवाल्यांना भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा दिलेला आहे. १४५ ला तरंगलांबी दोन मीटरांहून थोडी जास्त, अर्धा तरंग सुमारे १०३ सेंटिमीटर आणि पाव तरंग सुमारे ५२ सेंटिमीटर. एवढी तार नळीत सहज मावते. पोलिस, रेल्वे, कारखाने यांचे व्हीएचएफ संच याच्या थोडे वर चालतात, त्यामुळे त्यांच्या तारा किंचित आखूड.

लांब काठीत असे अर्ध्या तरंगाचे दोन, तीन, चार तुकडे एकावर एक रचलेले असतात. नुसते जोडले तर शेजारच्या तुकड्यांतले प्रवाह एकमेकांच्या उलट वाहतील आणि एकमेकांना मारतील. म्हणून मध्ये वेटोळे घालून किंवा दुसरी युक्ती करून प्रवाह पुन्हा एका दिशेला आणावे लागतात. मार्कोनी कंपनीतला अभियंता चार्ल्स फ्रँकलिन याने शंभर वर्षांपूर्वी बसवलेली ही रीत आजही तशीच चालते. काही कारखानदार तुकड्यांसाठी साधी कोॲक्स केबलच वापरतात. प्रत्येक जोडावर एका तुकड्याचे आतले तांबे दुसऱ्याच्या बाहेरच्या जाळीला आणि पहिल्याची जाळी दुसऱ्याच्या तांब्याला जोडलेली असते. केबलमध्ये लहर मोकळ्या हवेपेक्षा हळू जाते, सामान्य केबलमध्ये सुमारे ६६ टक्के वेगाने. म्हणून तिथे अर्धा तरंग १०३ ऐवजी ६८ सेंटिमीटरचा होतो. हे सांगायचे कारण असे, की अशा काठीत डाक दिलेले जोड पुष्कळ असतात. त्यांतला एक सुटला की त्याच्या वरचा सगळा भाग मुका होतो.

आता खानदेशाच्या हवामानाकडे येऊ. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशीला भिडतो, आणि उन्हात तापलेली नळी त्याहून बरीच गरम होते. उन्हातली अतिनील किरणे राळ पोखरतात. वरचा थर भुकटी होऊन झडतो आणि काचेचे तंतू उघडे पडतात. निवडुंगाच्या बारीक कुसांसारखे ते हाताला टोचतात, दिसत मात्र नाहीत. हे रूप बघून माणूस घाबरतो, पण एवढ्याने अँटेना बिघडत नाही. खरा घात पुढे होतो. तंतूंच्या कडेने केसाएवढ्या फटी पडतात आणि त्यांतून पाणी आत झिरपते.

इथे पाऊस फार नाही, मग पाणी आत जाते कसे? नळी तापून ६० अंशांवर गेली आहे असे धरा. दुपारी वळवाची सर येते आणि नळी पाच मिनिटांत ३० अंशांच्या खाली उतरते. आतली हवा जवळजवळ एक दशांश आकसते. बंद नळीत त्यामुळे दाब कमी होतो, आणि टोपीखालच्या फटीतून, जोडातून, बुडाच्या कॉलरमधून बाहेरची ओली हवा आणि साचलेले पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी ऊन पडले की हवा बाहेर निघते, पाणी मात्र राहते. कोकणातल्या संततधारेपेक्षा आपल्याकडचा हा तापून भिजण्याचा फेरा नळीला अधिक जाचतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच चांगल्या अँटेनाच्या बुडाला पाणी निथळायला बारीक छिद्र ठेवलेले असते. ते छिद्र कोणी "पाणी शिरेल" म्हणून एम-सीलने बुजवतो, तर कधी कुंभारीण माशी त्यात मातीचे घर बांधते. छिद्र बुजले की तळाशी पाणी साचते, आणि नेमकी तिथेच अँटेनाची जुळवणी करणारी वेटोळी आणि कपॅसिटर बसवलेले असतात.

दुसरा घात तापमानातल्या फरकाचा. जानेवारीतल्या पहाटेची दहा अंशांची नळी आणि मेमधल्या दुपारची साठ अंशांची नळी यांत पन्नास अंशांचे अंतर. तीन मीटर तांब्याची तार तेवढ्यात अडीच मिलिमीटरने वाढते. फायबरची नळी त्यापेक्षा कमी वाढते. हा फरक कुठल्यातरी डाकाला सोसावा लागतो, रोज, वर्षानुवर्षे. त्यात वाऱ्याची डुलणी. कधीतरी डाक तडकतो, आणि तोही अर्धवट: थंडीत उघडा, उन्हात जोडलेला.

म्हणून बिघाड शोधताना मीटरला हात लावण्याआधी संच वापरणाऱ्याला विचारावे: आवाज कधी जातो? पावसानंतर जाऊन दोन दिवसांच्या उन्हाने परत येत असेल तर पाणी. वाऱ्यात खरखर होऊन वारा पडल्यावर थांबत असेल तर सैल जोड. वर्षानुवर्षे हळूहळू क्षीण झाला असेल तर बहुधा केबल. विजा चमकल्या त्या रात्री एकदम गेला असेल तर आतले काहीतरी जळाले. ही चार उत्तरे सगळ्याच दुखण्यांचा उलगडा करणार नाहीत, पण कुठून सुरुवात करायची ते सांगतील.

सुरुवात खालून करावी, संचाच्या बाजूने. संचापासून अँटेनापर्यंत निदान दोन कनेक्टर, त्यांच्यामधली केबल आणि पुष्कळदा मध्येच कोणीतरी जोडलेला एखादा जास्तीचा तुकडा असतो. सर्वांत बदनाम कनेक्टर म्हणजे पीएल-२५९. तो गेल्या शतकातल्या तिशीच्या दशकातला, बळकट आणि स्वस्त, पण पाणी अडवण्यासाठी तो बनलेलाच नाही. उघड्यावर बसवून नुसती काळी पीव्हीसी टेप गुंडाळली, की दोन उन्हाळ्यांत टेपचा चिकटा वितळून ओघळतो आणि कनेक्टर उघडा पडतो. तिथून शिरलेले पाणी केबलच्या जाळीतून वातीसारखे पुढे चढते. केबलचे टोक कापून बघा. जाळी तांबूस-लख्ख असेल तर ठीक. काळी किंवा हिरवी असेल तर आणखी वीतभर कापा. तरीही काळीच असेल तर केबल टाकून द्या, तिच्यात जीव घालण्यात अर्थ नाही.

केबलच्या बाबतीत एक फसगत अशी आहे की ती जाणकारांनाही चकवते. अँटेना बरोबर आहे का ते बघायला एसडब्ल्यूआर मीटर लावतात. संचातून गेलेली शक्ती अँटेनाने किती घेतली आणि किती परत पाठवली, त्याचे ते माप. १ म्हणजे सगळी घेतली. १.५ ला सुमारे ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. दोनच्या आत असले की लोक निश्चिंत होतात. आता आरजी-५८ ही बारीक केबल तीस मीटर टाकलेली आहे असे समजा. १४५ मेगाहर्ट्झला एवढ्या लांबीत सुमारे ६ डेसिबल घट होते, म्हणजे २५ वॉट पाठवले तर वर सहाच पोहोचतात. आणि वरची अँटेना वाऱ्याने पार उडून गेली असली तरी? वर पोहोचलेले ते सहा वॉट सगळे परत फिरतात, परतीच्या वाटेवर पुन्हा चौथाई उरतात, आणि खालच्या मीटरला दीडच वॉट परत आलेले दिसतात. मीटर सांगतो १.७. म्हणजे अँटेना नसतानाही "उत्तम"! केबल जितकी वाईट तितका खाली बसलेला मीटर समाधानी. म्हणून खालून घेतलेल्या मापावर अँटेनाचा निकाल देऊ नये. मीटर वर न्यावा आणि हातभर केबलने थेट अँटेनाच्या बुडाशी लावावा.

आणि केबलची परीक्षा वेगळी घ्यावी. वरच्या टोकाला अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड लावला की खाली १ च्या जवळ आकडा यायला हवा. मग तो काढून टोक मोकळे ठेवावे आणि परत किती येते ते मोजावे. जेवढे डेसिबल कमी येतील त्याच्या निम्मी ही केबलची एकेरी घट. तीस मीटरसाठी आरजी-२१३ ही जाड केबल वापरली तर घट अडीच डेसिबलच्या आसपास राहते आणि निम्म्याहून अधिक शक्ती वर पोहोचते. पुष्कळ गच्च्यांवर केबल बदलणे हीच सगळी "अँटेनादुरुस्ती" ठरते.

हल्ली नॅनोव्हीएनए नावाचे तळहाताएवढे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. एका जपानी हौशी तंत्रज्ञाने ते मांडले आणि आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. पूर्वी अशा मापनासाठी प्रयोगशाळेत जावे लागे. आता इंजिनिअरिंग कॉलेजातला विद्यार्थी ते खिशात घेऊन गच्चीवर चढतो. साधा मीटर एकाच वारंवारतेला आकडा देतो, हे यंत्र पूर्ण पट्ट्याचा आलेख काढते. अँटेनाला सर्वांत योग्य वारंवारता कुठे आहे ते आलेखातल्या खळग्यावरून कळते. १४५ ला असलेला खळगा १४१ ला सरकला असेल तर आत ओल आहे, कारण पाणी भोवती असले की तारेची लांबी जणू वाढते. खळगा सपाट होऊन नाहीसा झाला असेल तर जोड तुटला. आलेख डोळ्यांसमोर ठेवून नळीवर चापट मारावी, ती हलकेच वाकवावी. रेघ थरथरली की सैल जोड सापडला. कोणत्या भागावर दाबल्यावर ती सर्वांत जास्त हलते ते बघून नळीवर पेन्सिलने खूण करावी. पुढे उघडताना ही खूण फार उपयोगी पडते.

मल्टीमीटरने तपासताना मात्र सांभाळून. कनेक्टरचा मधला पिन आणि बाहेरचा धातू यांच्यात बीप वाजली की लोक "शॉर्ट आहे" म्हणून अँटेना भंगारात देतात. पुष्कळ अँटेनांत विजेचा साठा जमिनीत जावा म्हणून तळाचे वेटोळे मुद्दाम असे जोडलेले असते. मल्टीमीटरच्या सरळ प्रवाहाला ते शॉर्ट दिसते, १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीला दिसत नाही. दुसऱ्या रचनेत मल्टीमीटर काहीच दाखवत नाही, आणि तेही योग्यच असते. अँटेना कोणत्या रचनेची आहे हे ठाऊक असेल तरच या परीक्षेला अर्थ. एक उत्तर मात्र दोन्ही रचनांत वाईट: काही किलोओहम दाखवणारा आणि हळूहळू बदलत जाणारा आकडा. तो ओलीचा किंवा कोळशाचा.

अँटेना खाली उतरवताना महावितरणच्या तारांकडे दहा वेळा बघावे. आपल्या जुन्या वस्त्यांत तारा गच्चीला अगदी लागून गेलेल्या असतात. डोलकाठी पडली तर जितकी लांब पडेल त्याच्या दीडपट अंतरात तार असेल तर एकट्याने हात घालू नये. मे-जूनमध्ये दुपारनंतर आभाळ भरले की काम सोडून खाली यावे. फायबर वीज वाहत नाही म्हणून सुरक्षित, हा समज जीवघेणा आहे. आतली तार वीज वाहते, आणि ओली नळीही.

उतरवलेल्या काठीला हात लावण्याआधी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चांगला मास्क घालावा. घासताना ती ओली ठेवूनच घासावी, म्हणजे तंतू हवेत उडत नाहीत. अंगाला लागलेच तर चोळू नये. टेपचा तुकडा चिकटवून उचलून घ्यावेत आणि गार पाण्याने धुवावे. गरम पाण्याने खाज वाढते.

उघडताना घाई सर्वांत महाग पडते. तळाच्या धातूच्या कॉलरवर छोटे स्क्रू किंवा रिव्हेट असतात, ते काढूनही नळी सुटत नाही, कारण आत इपॉक्सी भरलेली असते. कॉलर हॉट एअर गनने तापवावी. इपॉक्सी शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते. ज्योत वापरू नये, राळ जळून काळी पडते. आणि नळी पिळून काढू नये, सरळ ओढावी. पिळली की आतली तार वरच्या जोडापाशी तुटते आणि नसलेला बिघाड तयार होतो. दोन-तीन तुकड्यांच्या लांब काठीत तुकडे जोडणारी पितळी कपलिंग असते. माझ्या समजुतीप्रमाणे लांब काठ्यांच्या दुखण्यात सर्वांत आधी संशय घ्यावा तो या कपलिंगचा. दोन धातू नुसते दाबून बसवलेले, मध्ये ओल, आणि एक धातू तांबे तर दुसरा ॲल्युमिनियम असला तर ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. पांढरी भुकटी दिसली की गंज धरला समजा. पॉलिशपेपरने धातू चमकेपर्यंत घासा, आणि शक्य तिथे डाक देऊन जोड पक्का करा.

आत हिरवट झालेले तांबे, ओला झालेला स्पंज, फुटलेला कपॅसिटर यांपैकी काहीतरी सापडतेच. तार नळीत मध्यभागी राहावी म्हणून बसवलेले स्पंजचे बोळे पाणी धरून ठेवतात. ते फेकावेत आणि टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारा पांढरा पॉलिथिनचा फोम गोल कापून घालावा. तो पाणी पीत नाही. तडकलेला डाक नुसता वितळवून पुन्हा बसवला तर टिकत नाही. जुने कथिल काढून, तांबे घासून, फ्लक्स लावून नवा डाक द्यावा, आणि तार प्रसरण पावायला एखाद्या जोडाजवळ छोटासा बाक ठेवावा. ठिणगी पडून जिथे कोळशाची काळी रेघ उमटली असेल ती पुसून चालत नाही. कोळसा वीज वाहतो. पांढरा भाग दिसेपर्यंत खरवडावे लागते. मग नळी गच्चीवर उलटी उभी करावी. इतकी वर्षे छळणारे खानदेशचे ऊन इथे उपयोगाला येते: दोन-तीन दिवसांत ती खडखडीत वाळते.

नळीलाच तडा असेल तर काम फायबरचे कूलर आणि गाड्यांचे बंपर दुरुस्त करणाऱ्यांकडे शिकावे. त्यांच्याकडे काचेचे कापड असते, राळ असते, आणि बोटांत कसब असते. तड्याच्या दोन्ही बाजूंना चार बोटे घासून खरबरीत करावे, कापडाच्या पट्ट्या राळेत भिजवून दोन-तीन थर गुंडाळावेत. त्यांची राळ बहुधा पॉलिएस्टरची असते आणि तिच्यात दोन गोष्टी घालतात, कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि पेरॉक्साइडचा हार्डनर. हे दोन कधीही एकमेकांत थेट ओतू नयेत, भडका उडतो. ॲक्सिलरेटर राळेत नीट ढवळून झाल्यावरच हार्डनर घालावा. इपॉक्सी वापरली तर हा धोका नाही आणि पकडही चांगली मिळते. दोन्हींचे गणित उन्हाळ्यात बदलते. पुण्याच्या थंडीत अर्धा तास पातळ राहणारे मिश्रण आपल्याकडे मेच्या दुपारी भांड्यातच दगड होते, कधी धूरही येतो. सकाळी सातला काम करावे आणि एका वेळी थोडेच कालवावे. कार्बन फायबरचे कापड "जास्त मजबूत" म्हणून कोणी सुचवले तर नको म्हणावे. कार्बन वीज वाहतो, आणि त्याखाली झाकलेली अँटेना बहिरी होते.

मग रंग. इथे एक चूक मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. लोखंडी खांबाला लावून उरलेला चंदेरी ॲल्युमिनियम पेंट काठीलाही मारतात. त्यात धातूचे कण असतात, ते लहरी अडवतात. साधा पांढरा पॉलियुरेथेन किंवा चांगला ॲक्रिलिक रंग उत्तम. इपॉक्सीच्या दुरुस्तीवर तर रंग हवाच, कारण इपॉक्सीलाही ऊन सोसत नाही. एखादा रंग किंवा नळीचा तुकडा लहरींना कितपत मोकळा सोडतो याची घरगुती परीक्षा आहे. रंगवलेला तुकडा मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट ठेवावा, शेजारी पेलाभर पाणी ठेवूनच. पाणी तापले आणि तुकडा गारच राहिला तर तो चांगला. चटका लागला किंवा ठिणगी पडली तर वाईट.

जुळवणी करायची ती तार नळीत घालूनच. नळीचा फायबर तारेभोवती आला की खळगा खाली सरकतो. उघड्या तारेवर १४५ ला बसवलेली अँटेना नळीत गेल्यावर दोन-तीन मेगाहर्ट्झ खाली सापडते आणि माणूस चक्रावतो. खळगा १४१ ला असेल आणि १४५ ला हवा असेल तर लांबी त्याच प्रमाणात, सुमारे पावणेतीन टक्क्यांनी कमी करायची. अर्ध्या तरंगाच्या एका तुकड्यात ते जवळपास तीन सेंटिमीटर होतात. एकदम तीन कापू नयेत. आधी एक कापून मोजावे, कारण कापलेली तार परत वाढत नाही.

चढवताना कनेक्टरवर आधी स्वतःतच विरघळून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि तिच्यावर पीव्हीसी टेप, खालून वर, म्हणजे थर कौलांसारखे बसतात आणि पाणी ओघळून जाते. केबलला अँटेनाखाली एक झोळ द्यावा, म्हणजे थेंब कनेक्टरवर न जाता झोळाच्या तळाशी गळतो. निथळीचे छिद्र टाचणीने मोकळे करून ठेवावे. शक्य असेल तर पीएल-२५९ ऐवजी एन कनेक्टर घ्यावा, त्याच्यात पाणी अडवणारे रबरी कडे असते. आणि त्या दिवसाची मापे, तारखेसह, संचाजवळ भिंतीवर लिहावीत. पुढच्या वेळी "पूर्वी किती होते" हे कळल्याशिवाय निदान होत नाही.

दुरुस्त अँटेनाकडून अपेक्षा किती ठेवायची? या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. दोन्ही टोकांच्या उंचींची मीटरमधली वर्गमुळे काढून त्यांची बेरीज ४.१२ ने गुणली की किलोमीटर मिळतात. दोन्हीकडे बारा मीटर उंची असेल तर साडेअठ्ठावीस किलोमीटर, म्हणजे तापीच्या सपाट खोऱ्यात जळगाव-भुसावळ बोलणे आरामात. जळगाव-धुळे मात्र नव्वद किलोमीटरच्या आसपास, तिथे मध्ये उंचावर रिपीटर हवा. महागडी लांब काठी घेण्यापेक्षा आहे ती पाच मीटर वर नेणे पुष्कळदा जास्त फळ देते.

वीज पडून नळी उभी चिरली असेल, तंतू दोरखंडासारखे पिंजले असतील, तर मात्र दुरुस्तीचा हट्ट सोडावा. आणि लगेच नवी विकतही घेऊ नये. पीव्हीसीच्या नळ्या आणि ठिबक ही जळगावची ओळख. शेताच्या वाटेवर सापडणारी २५ मिलिमीटरची पीव्हीसी नळी १४५ मेगाहर्ट्झला चांगले आवरण होते. आरजी-५८ च्या टोकाकडून अर्धा मीटर बाहेरचे आवरण आणि जाळी काढावी, आतले तांबे त्याच्या प्लास्टिकसकट ठेवावे. हा वरचा पाव तरंग. त्याखालचा अर्धा मीटर केबल जशी आहे तशीच. तिच्या जाळीचा बाहेरचा पृष्ठभाग खालच्या पाव तरंगाचे काम करतो. हा अर्धा मीटर जिथे संपतो तिथे केबलचे आठ-नऊ वेढे नळीवर घट्ट गुंडाळावेत, म्हणजे प्रवाह तिथे थांबतो, खाली संचाकडे जात नाही. वरचे टोक मुद्दाम दोन सेंटिमीटर लांब ठेवून नळीत घालावे आणि खळगा पट्ट्यात येईपर्यंत थोडे थोडे कापत जावे. वर टोपी, खाली निथळीचे छिद्र, आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात. या अँटेनावरून बोलायला दूरसंचार खात्याचा हौशी रेडिओ परवाना लागतो. तो हाती असेल तर सकाळी सुरू केलेले काम संध्याकाळपर्यंत पहिल्या संपर्काला तयार होते.